संकेतस्थळाची विद्या



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची आपल्याकडील चाल जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून गावोगावच्या अशा मालांचा हेतू एकच राहिला आहे. शाळा-कॉलेजच्या भिंतीबाहेर जो माणूस आपल्या व्यवसायात गुंतलेला आहे, त्यालाही विद्येचा वाटा मिळावा. त्या हेतूला धरूनच आम्ही आजचा विषय घेतला आहे. संकेतस्थळ म्हणजे काय, ते कसे रचतात, आणि ते रचण्याची विद्या बेलापुरासारख्या गावातील मुलामुलींनी कोणत्या वाटेने शिकावी, एवढाच तो विषय.

विषयाचे नाव ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींना वाटेल की, हे तर पोरांचे काम. याचे व्याख्यान ते काय द्यायचे? त्यांना आमची विनंती अशी की, त्यांनी क्षणभर आपल्या प्रवरामाईचा विचार करावा. हीच नदी येथून खाली नेवाशास जाते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, तेथे ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला. ज्ञान मूठभरांच्या भाषेत अडकून पडले होते, ते सर्वांच्या भाषेत आणले गेले. आज ज्ञान, बाजारभाव, नोकरीच्या जाहिराती, सरकारी अर्ज हे सारे महाजालावर आहे. तेथे लिहिणारा कोण आणि नुसता पाहणारा कोण, हा प्रश्न पोरांपुरता राहिलेला नाही.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. संकेतस्थळाचे पान डोळ्यांना चित्रासारखे दिसते. रंग, छायाचित्रे, अक्षरांचे लहानमोठे आकार, दाबण्याची बटणे. परंतु हे चित्र कोठेही साठवून ठेवलेले नसते. साठवलेला असतो तो साधा मजकूर, आणि त्या मजकुरात पेरलेल्या खुणा. आपल्या मोबाईलमधील न्याहाळक, ज्याला ब्राउझर म्हणतात, तो या खुणा वाचतो आणि त्याप्रमाणे पान तेथल्या तेथे उभे करतो.

ही कल्पना छापखान्यातून आलेली आहे. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी लेखकाचे हस्तलिखित जुळाऱ्याकडे जाण्यापूर्वी त्यावर खुणा केल्या जात. हे शीर्षक, हे ठळक, येथे नवा परिच्छेद, ही यादी. खुणा छापल्या जात नसत. पण त्यांच्यावाचून जुळाऱ्याचे पान अडत असे. १९६९ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीत गोल्डफार्ब, मोशर आणि लॉरी या तिघांनी हीच रीत संगणकासाठी बसवली, आणि तिच्या नावात आपल्या आडनावांची आद्याक्षरे गुंफली. जी, एम, एल. तिचेच पुढचे रूप १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक झाले. १९८९ साली जिनीव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थाने महाजालाचा आराखडा मांडला, आणि पानांसाठी त्याच वंशातील एक अगदी सोपी भाषा तयार केली. तीच एचटीएमएल. आरंभी तिच्यात अवघ्या अठरा-वीस खुणा होत्या.

एक उदाहरण घेऊ. समजा, ग्रामसभेची नोटीस महाजालावर लावायची आहे. ‘ग्रामसभा’ या शब्दाच्या आधी कोनी कंसात शीर्षकाची खूण लिहायची आणि शब्द संपल्यावर ती खूण मिटवायची. खाली तारीख आणि वेळ सांगणारे वाक्य, त्याला परिच्छेदाची खूण. मग विषयपत्रिका: पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती. तिला यादीची खूण. शेवटी ‘मागील सभेचा वृत्तांत’ हे शब्द, आणि त्यांना दुव्याची खूण, म्हणजे त्या शब्दांवर बोट ठेवताच मागचा वृत्तांत समोर यावा. झाले पान! यात कोणते गूढ आहे? ज्याने कधी लग्नपत्रिकेचा मसुदा लिहून छापखान्यात दिला आहे, त्याला हे समजण्यास अर्धा तास पुरे.

या भाषेत एक शिस्त आहे. ही खूण मजकूर काय आहे ते सांगते. तो कसा दिसावा ते सांगत नाही. दिसण्याची सोय वेगळ्या भाषेत केली आहे. तिची सूचना १९९४ साली हाकोन व्यूम ली या नॉर्वेजियन गृहस्थाने केली आणि १९९६ च्या डिसेंबरात तिला मान्यता मिळाली. तिला सीएसएस म्हणतात. शीर्षके तांबडी असावीत, समासात इतकी जागा सोडावी, अरुंद पडद्यावर दोन रकान्यांचा एक रकाना व्हावा, असे नियम त्या भाषेत एकदाच लिहायचे, आणि ते शंभर पानांना लागू होतात. उद्या रंग बदलावासा वाटला तर शंभर पाने उकरावी लागत नाहीत, एक ओळ बदलली की पुरते.

आता दुसऱ्या वाटेकडे येऊ. या खुणा हाताने लिहिण्याचा कंटाळा येणारच. म्हणून १९९५ साली फ्रंटपेज नावाची आज्ञावली निघाली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ती पुढल्याच वर्षी विकत घेतली. १९९७ साली मॅक्रोमीडिया कंपनीची ड्रीमवीव्हर आली. २००५ साली ती कंपनीच अडोबीने घेतली. यांची रीत अशी की, पडद्यावर कोरे पान दिसते, त्यावर चित्र ओढून आणावे, अक्षरे टंकावीत, रंग निवडावा. खुणा मागच्या मागे यंत्र लिहिते. ज्यांना खुणांचे नावही ठाऊक नव्हते अशा हजारो लोकांनी या साधनांनी आपली पहिली पाने रचली. संगणक-वर्गांतूनही हीच साधने शिकवली गेली, आणि त्यात नवल काही नाही. पहिल्याच दिवशी पान रंगीत दिसू लागते, शिकणारा खूष, शिकवणाराही खूष.

आम्ही या साधनांचे शत्रू नाही. सुताराने रंधा वापरू नये असे कोण म्हणेल? ड्रीमवीव्हरने तर एका खिडकीत चित्र आणि शेजारच्या खिडकीत खुणा दाखवण्याची सोय केली होती; ज्याने दोन्हींकडे पाहिले, त्याला त्या साधनाने शिकवलेसुद्धा. आमचा आक्षेप आहे तो फक्त चित्राच्या खिडकीकडे पाहून ‘आम्हाला संकेतस्थळ करता येते’ असे मानण्याला. त्याची तीन कारणे सांगतो.

पहिले कारण, साधन मरते. फ्रंटपेज २००६ साली बंद झाले. ज्याची विद्या त्याच्या बटणांपुरती होती, त्याची विद्या त्याच दिवशी शिळी झाली. फ्लॅश नावाचे हलत्या चित्रांचे साधन एके काळी मोठ्या दिमाखात होते. ३१ डिसेंबर २०२० नंतर त्याला आधार उरला नाही, आणि त्यात बांधलेली असंख्य पाने मुकी झाली. उलट सर्नमध्ये साध्या खुणांनी लिहिलेले महाजालाचे पहिले पान आजच्या मोबाईलवरही वाचता येते. तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. खुणांची भाषा वाढली, पण तिने जुन्यांशी नाते तोडले नाही.

दुसरे कारण, चित्र एकाच पडद्याचे असते. संगणकाच्या रुंद पडद्यावर नेमके बसवलेले पान मोबाईलवर इतके बारीक दिसू लागले की, भिंग घेऊन वाचावे. पान पडद्याप्रमाणे आपले आपण बदलावे, ही रीत ईथन मार्कोट याने २०१० साली नाव देऊन मांडली. ती ज्याला सीएसएस कळते त्यालाच नीट साधते. आपल्या भागात बहुतेक माणसे महाजाल पाहतात ती मोबाईलवर, शेताच्या बांधावर उभे राहून. त्यांच्यासाठी हा प्रश्न शोभेचा नाही.

तिसरे कारण, पान वाचणारा प्रत्येक जण डोळ्यांनी वाचत नाही. अंध माणसासाठी पडद्यावरील मजकूर बोलून दाखवणाऱ्या आज्ञावल्या आहेत. त्यांतील एनव्हीडीए ही २००६ पासून मोफत मिळते. ती रंग पाहत नाही, अक्षराचा आकार पाहत नाही. ती खुणा वाचते. शीर्षकाला शीर्षकाची खूण असेल तर ‘हे शीर्षक’ असे सांगते. चित्राला शब्दांत वर्णन जोडले असेल तर ते वाचते. पण अक्षरे नुसती मोठी करून शीर्षकाचा देखावा केला असेल, किंवा सारी नोटीसच छायाचित्र म्हणून चिकटवली असेल, तर त्या माणसापुरते पान कोरे राहते. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने माहितीची साधने त्यांना वापरता येतील अशी करण्याचे कर्तव्य सांगितले आहे. ते कर्तव्य पार पडते ते या दोन कोनी कंसांच्या मध्ये.

आता मराठीकडे येतो, कारण खरे दुखणे तेथे आहे. १९९५ च्या स्वातंत्र्यदिनी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसाधारण नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले. पुढल्याच वर्षी अमेरिकेतील मराठी मंडळींनी ‘मायबोली’ हे संकेतस्थळ काढले. मराठी माणूस मागे राहिला नव्हता. पण त्याची अक्षरे अडचणीत होती. त्या काळी प्रत्येक मराठी टंक आपापल्या रीतीने बसवलेला असे. यंत्राच्या दृष्टीने तेथे इंग्रजी अक्षरेच साठवलेली. वर मुखवटा तेवढा देवनागरीचा. तो टंक आपल्या संगणकावर असेल तर मराठी दिसे, नसेल तर निरर्थक रोमी अक्षरांची रास. शोधयंत्राला त्यात एकही मराठी शब्द सापडत नसे. पडद्यावर दिसते आहे ना, मग झाले, अशा समजुतीने वर्षानुवर्षांचा मजकूर त्या रीतीने साठवला गेला, आणि त्यातील पुष्कळसा आज वाचण्यासाठी मुद्दाम रूपांतर करावे लागते. नुसत्या दिसण्यावर विसंबल्याचे याहून महागडे उदाहरण मराठीला शोधावे लागणार नाही.

यावर उपाय युनिकोड. १९९१ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली आणि देवनागरीला तिच्यात स्वतंत्र घर मिळाले, १२८ जागांचे. त्याची मांडणी भारतात आधीच तयार झालेल्या इस्की या मानकावरून घेतली होती. आता क म्हणजे जगभर क. आपल्या गावाचेच नाव पाहा. ‘बेलापूर’ डोळ्यांना चार अक्षरे दिसतात. यंत्र त्यात सात चिन्हे मोजते: ब, त्याची मात्रा, ल, त्याचा काना, प, त्याचा दीर्घ उकार आणि र. महाजालावर रूढ असलेल्या यूटीएफ-८ या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन घरे लागतात. म्हणजे बेलापूरची घरे एकवीस. पानाच्या डोक्यावर ‘हा मजकूर यूटीएफ-८ चा आहे’ अशी एक ओळ लिहिली नाही, तर काही यंत्रांवर या एकवीस घरांचा चुराडा होऊन भलतीच चिन्हे दिसतात. ती ओळ लिहिणे हे विद्यार्थ्याचे पहिले काम.

दुसरी ओळ भाषेची. देवनागरीत हिंदीही लिहितात, नेपाळीही लिहितात. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीहून निराळा असतो, हे आपण शाळेत गिरवलेले आहे. चांगल्या टंकांत दोन्ही वळणे असतात. पण पान मराठीचे आहे असे खुणेने सांगितले तरच न्याहाळक आपले वळण काढतो. बोलणारी आज्ञावलीही त्या खुणेवरूनच मराठी उच्चार निवडते. म्हणजे एवढ्याशा खुणेवर आपल्या ल-चे वळण आणि आपल्या शब्दाचा उच्चार दोन्ही अवलंबून आहेत. ‘सुऱ्या’मधला अर्धा र, ‘बाळ’मधला ळ, ‘ॲ’ हे अक्षर, यांसाठीही कोणीतरी मानकात जागा मागितली, बसवली. ‘ॲ’ला तर स्वतंत्र जागा मिळायला २००८ साल उजाडावे लागले. अक्षरकलेचे मोठे अभ्यासक र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा टंक घडवला आणि विंडोजबरोबर तो घरोघर पोहोचला. जावजी दादाजींनी निर्णयसागरासाठी खिळे पाडताना जी निष्ठा दाखवली, तिचाच वारसा या लोकांनी पडद्यावर चालवला. तेव्हा जमीन तयार आहे. पेरणारे हात हवे आहेत.

पेरायचे काय, असे कोणी विचारील. तर आपल्या मोबाईलवर ‘बेलापूर’ हा शब्द शोधून पाहावा. बहुतेक वेळा प्रथम समोर येते ते नवी मुंबईचे बेलापूर, तेथील कचेऱ्या, तेथील घरांच्या किमती. प्रवराकाठचे बेलापूर मागे कोठेतरी. वास्तविक श्रीरामपूर शहरात उभ्या असलेल्या रेल्वे स्टेशनाला नाव आपले. हरेगावी ज्या कंपनीने साखर केली तिचे नाव आपले. परंतु शोधयंत्र मान पाहत नाही, ते लिहिलेला मजकूर पाहते. आपल्या गावाविषयी आपण लिहिले नाही, तर दुसऱ्याच बेलापुराची माहिती आपल्या नावाखाली लोक वाचतील. यात दोष यंत्राचा नाही.

साखरेच्या प्रदेशाला या कामी एक धडाही उपलब्ध आहे. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी परिसरातील सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रयोग सुरू झाला. उद्देश मोठमोठे होते. पण शेतकरी केंद्रावर येत ते मुख्यतः उसाची नोंद आणि तोडणी, वजन, हिशेब यांसाठी. पुढे काही गावांत संगणक बाजूला ठेवून मोबाईलच्या लघुसंदेशाने तीच माहिती देऊन पाहिली, आणि लोकांची सोय झाली. यातून घ्यायचे ते हे की, माणसाला पोशाखी पान नको असते. आपल्या उसाचे वजन हवे असते. ज्याला हे कळले, तो पान साधे, हलके आणि नेमके करील. जड चित्रांनी भरलेले पान तुटक्या जोडणीवर उघडता उघडता शेतकरी कंटाळून मोबाईल खिशात घालतो.

मग शिकावे कसे? क्रम आम्ही असा सांगू. पहिले दोन आठवडे कोणतेही रंगीत साधन उघडू नये. संगणकावर असणारी साधी टिपणवही, म्हणजे नोटपॅड, आणि न्याहाळक एवढेच पुरे; दोन्ही फुकट मिळतात. मराठीत एक पान लिहावे: आपल्या आळीचे, आपल्या शाळेचे, आजीच्या ओव्यांचे. दहा-बारा खुणा पुरतात. नंतर महिनाभर सीएसएस शिकावे, आणि पान मोबाईलवर नीट बसते की नाही हे रोज पाहावे. कोणत्याही पानाच्या मागच्या खुणा उघडून पाहण्याची सोय संगणकावरील न्याहाळकात असते. छापलेल्या पुस्तकावरून जुळाऱ्याची युक्ती ओळखणे कठीण; येथे मात्र प्रत्येक गुरू आपली वही उघडी ठेवून बसलेला आहे. हे शक्य झाले, कारण ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने महाजालाची मूळ आज्ञावली कोणताही मोबदला न घेता जगाला खुली केली. त्या औदार्याचा लाभ बेलापूरच्या विद्यार्थ्याला जिनीव्हाच्या विद्यार्थ्याइतकाच आहे. यानंतर चित्रसाधन खुशाल हाती घ्यावे. तेव्हा ते आपला चाकर होईल.

आजकाल तर संभाषण करणारी यंत्रे निघाली आहेत. ‘मला किराणा दुकानाचे पान करून दे’ म्हटले की खुणांसकट पान तयार. मग कोणी म्हणेल, शिकायचेच कशाला? त्याला आमचे उत्तर असे: हिशेबनीस ठेवला तरी मालकाला जमाखर्च वाचता यावा लागतो. यंत्राने केलेल्या पानात भाषेची खूण मराठीची आहे की इंग्रजीची, चित्राला वर्णन आहे की नाही, भाव जुना राहिला आहे का, हे पाहणारा डोळा शिकलेल्या माणसाचाच. ते काम स्वस्त झाले म्हणून त्याची पारख निरुपयोगी होत नाही.

पालकांनाही एक शब्द. आपण फी भरताना वर्गाचे नाव आणि प्रमाणपत्राचा कागद पाहतो. त्याऐवजी मुलाला विचारावे, ‘तू केलेले पान दाखव, आणि त्यातील ही ओळ कशासाठी आहे ते सांग.’ ज्याला सांगता येते त्याची फी वाया गेली नाही. मुलींना तर ही विद्या अवश्य द्यावी. तिला मोठे भांडवल लागत नाही, जागेचे बंधन नाही, आणि घरी बसूनही नगर-पुण्याचे काम करता येते.

शेवटी गावाला एक सूचना करून आम्ही थांबतो. या उन्हाळ्याच्या सुटीत आठ-दहा मुलामुलींनी मिळून गावाचे एक मराठी संकेतस्थळ करावे. ‘.भारत’ असे अखेर देवनागरीत असलेले पत्ते २०१४ पासून मिळतात. पत्ताही आपल्याच लिपीत घेता येईल. त्यावर ग्रामसभेचे वृत्तांत असावेत, एसटीच्या वेळा असाव्यात, दवाखान्यांच्या वेळा असाव्यात, आणि वृद्ध मंडळींकडून ऐकून टिपलेला गावाचा इतिहास असावा. वडीलधाऱ्यांनी सांगावे, मुलांनी लिहावे. पण आरंभीच एक गोष्ट ठरवावी: पान जुने होऊ न देण्याची जबाबदारी कोणाची? भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. पण पाण्याचा उपयोग दरवर्षी पाट साफ करणाऱ्यालाच झाला. संकेतस्थळाचेही तसेच आहे. बांधणाऱ्याचे कौतुक एक दिवस होते. सांभाळणाऱ्याचे काम रोजचे असते. असे चार सांभाळणारे या सभेतून उभे राहिले, तर ही व्याख्यानमाला पुढच्या वसंतात त्यांचेच काम पाहायला बसेल.